रायफल घेऊन जोहान्सबर्गला : परवाना काढून देणाऱ्या सेवेचा अनुभव

दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात आठ दिवसांच्या शिकारीसाठी अमेरिकेतून स्वतःच्या रायफली घेऊन जाताना आम्ही एका खासगी सेवेकडून बंदुकीचा तात्पुरता आयात परवाना आगाऊ काढून घेतला होता. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. आम्ही तिघे होतो : मी अमेरिकेचा नागरिक, माझा मेहुणा भारतीय पासपोर्ट असलेला ग्रीन कार्डधारक, आणि आमचा एक मित्र एच-१बी व्हिसावरचा. हे आधीच सांगण्याचे कारण असे की, विमानतळ एकच आणि रानही एकच असले तरी तिघांच्या कागदांची वाट तीन प्रकारची निघाली आणि सेवेने त्यांपैकी एकाच वाटेचा नीट विचार केलेला होता. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारीचाही भाग आहे आणि तो एकाच खेपेच्या अनुभवावर आधारलेला आहे.

प्रथम कायद्याची बाजू. दक्षिण आफ्रिकेचा शस्त्र नियंत्रण कायदा २००० सालचा असून तो १ जुलै २००४ पासून अमलात आला. परदेशी पाहुण्याला शिकारीसाठी रायफल आणायची असेल, तर तिथल्या पोलीस खात्याच्या ‘एसएपीएस ५२०’ या अर्जावर तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो. हा अर्ज दोन प्रकारे करता येतो. एक तर जोहान्सबर्गच्या ओ. आर. टाम्बो विमानतळावर उतरल्यावर तिथल्याच पोलीस कक्षात कागद पुढे करून परवाना घ्यायचा, किंवा निघण्याच्या किमान २१ दिवस आधी प्रिटोरियाच्या केंद्रीय शस्त्र नोंदणी कार्यालयाकडे अर्ज पोहोचवून तो आगाऊ मंजूर करून घ्यायचा. पोलीस खाते या परवान्याचे पैसे घेत नाही. तेव्हा जी गोष्ट सरकार फुकट देते तिच्यासाठी माणशी सुमारे दीडशे डॉलर कशासाठी मोजायचे, हा प्रश्न मला पैसे भरण्यापूर्वीही पडला होता आणि परत आल्यावरही मी त्याच प्रश्नाच्या अंगाने या सेवेकडे पाहतो आहे.

सेवेने या रकमेत चार गोष्टी देऊ केल्या होत्या : आमच्या कागदांची तपासणी, अर्ज भरून प्रिटोरियात देणे, मंजुरीचा पाठपुरावा, आणि उतरल्यावर विमानतळावर भेटून पोलीस कक्षातून बाहेर काढेपर्यंत सोबत करणारा एक माणूस. जाहिरातीत सगळा भर या चौथ्या गोष्टीवर आहे. ‘लांबच्या प्रवासानंतर रांगेत उभे राहू नका’ अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या पत्रव्यवहारात तीनदा आले. प्रत्यक्षात आमचे पैसे वसूल झाले ते पहिल्या गोष्टीत.

कागदांची यादी मागवली तेव्हा ती आली दोन पानांची, आणि तिच्यात प्रत्येक कागदापुढे तो कोण देणार हेही लिहिलेले होते, हे मला आवडले. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, परतीचे तिकीट, आउटफिटरने, म्हणजे तिथे शिकारीची व्यवस्था करणाऱ्याने, स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले निमंत्रणपत्र (त्यात तारखा, शेताचे ठिकाण आणि कोणती जनावरे मारायची आहेत हे यायला हवे), ‘ही रायफल मी का आणत आहे’ हे सांगणारे आपले स्वतःचे पत्र, आणि बंदूक आपल्याच मालकीची असल्याचा पुरावा. या शेवटच्या कागदापाशी अमेरिकेतून जाणारा माणूस अडखळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पोलिसाला बंदुकीचा परवाना पाहण्याची सवय, आणि अमेरिकेत साध्या शिकारी रायफलीला केंद्र सरकारचा असा काही परवानाच नसतो. दुकानदाराची पावती ही काही सरकारी कागद नव्हे. ही फट बुजवण्याचे काम करतो तो अमेरिकन कस्टम्सचा ‘फॉर्म ४४५७’.

हा फॉर्म मुळात परदेशात नेलेल्या कोणत्याही वैयक्तिक वस्तूच्या नोंदणीचा आहे. महागडा कॅमेरा किंवा घड्याळ घेऊन जाणारा प्रवासीही तो भरू शकतो, म्हणजे परत येताना ती वस्तू बाहेर विकत घेतली असे समजून तिच्यावर शुल्क लागत नाही. शिकाऱ्याच्या हातात मात्र या साध्या कागदाला बंदुकीच्या परवान्याचे वजन येते, कारण त्यावर रायफलचा तपशील, अनुक्रमांक, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असतो. तो टपालाने मिळत नाही. बंदूक कुलूपबंद पेटीत घालून कस्टम्सच्या कार्यालयात न्यावी लागते, अधिकारी अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पडताळतो आणि मगच शिक्का मारतो. सेवेची सूचना होती की जाण्यापूर्वी फोन करून ठेवा. आम्ही तो केला, तरीही पहिल्या खेपेला भेटलेल्या तरुण अधिकाऱ्याला हा फॉर्म बंदुकीसाठी लागतो हेच माहीत नव्हते. वरिष्ठ आले, त्यांनी आणखी दहा मिनिटे काउंटरमागचे कागद चाळले, आणि काम झाले.

इथे सेवेने एक फार उपयोगी गोष्ट सांगितली होती. फॉर्म ४४५७ च्या कोपऱ्यात एक मुदतीची तारीख छापलेली असते. ती त्या छापील नमुन्याच्या सरकारी मंजुरीची तारीख असते. आपल्या प्रमाणपत्राशी तिचा काही संबंध नाही, आणि कागद वाचण्याजोगा आहे तोवर अमेरिकन कस्टम्सच्या दृष्टीने तो चालतो. पण दक्षिण आफ्रिकेतल्या पोलिसांनी ही तारीख उलटलेले फॉर्म ‘मुदत संपलेले’ म्हणून नाकारल्याची उदाहरणे घडलेली आहेत. माझ्याकडे आधीच्या एका कॅनडाच्या खेपेच्या वेळचा जुना, शिक्का मारलेला फॉर्म होता आणि तोच पुढे करण्याचा माझा विचार होता. सेवेने तो परत पाठवला आणि नव्या नमुन्यावर नवा शिक्का घेऊन या, असे एका ओळीत कळवले. त्या वेळी राग आला होता. कायद्याने माझी बाजू बरोबर होती, पण पंधरा तासांच्या उड्डाणानंतर पोलीस कक्षात उभे राहून परक्या देशातल्या अधिकाऱ्याला अमेरिकन छपाईचे नियम समजावून सांगण्याची हौस कोणाला असते?

यानंतरचा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. आमचे कागद पोहोचल्यावर चार दिवसांनी सेवेकडून एका बाईंची ईमेल आली. रायफलच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या मुख्य भागावर, कोरलेल्या अनुक्रमांकाचा जवळून फोटो पाठवा, असे त्यांनी लिहिले होते. मी जरा उर्मटपणेच उत्तर दिले की फॉर्मवर अनुक्रमांक आहे आणि त्यावर कस्टम्सचा शिक्काही आहे. त्यांनी पुन्हा, तितक्याच शांतपणे, फोटो मागितला. मग मी रायफल कपाटातून काढून टेबलावर ठेवली, टेबल-दिवा तिरपा करून अक्षरांवर सावली पडेल असा धरला आणि फोटो काढला. अनुक्रमांकाची सुरुवात इंग्रजी ‘जी’ या अक्षराने होत होती. मी फॉर्म हाताने भरला होता आणि माझा ‘जी’ हुबेहूब सहाच्या आकड्यासारखा दिसत होता. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने रायफल आणि कागद दोन्ही पाहिले होते, पण त्याला काय आहे ते माहीत असल्यामुळे त्याने ‘जी’च वाचला असणार. प्रिटोरियात बसलेला कारकून मात्र सहाच वाचणार, परवान्यावर सहाच छापला जाणार, आणि जोहान्सबर्गला पोलीस अधिकारी रायफल हातात घेऊन परवान्याशी ताडून पाहील तेव्हा ती रायफल कागदावरची नव्हेच असे ठरणार. बाईंनी सांगितले की या एका अक्षराच्या घोळामुळे त्यांच्या कामातला मोठा वेळ जातो : ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक, ‘बी’ आणि आठ. मी पुन्हा कस्टम्सच्या कार्यालयात गेलो आणि या वेळी फॉर्म टाइप करून नेला.

काडतुसांबाबतही त्यांची तपासणी चोख होती. दक्षिण आफ्रिकेत प्रत्येक रायफलमागे २०० काडतुसे आणता येतात आणि ती परवान्यावरच्या कॅलिबरचीच, म्हणजे मापाचीच, असावी लागतात. शिवाय एका माणसाने एकाच कॅलिबरच्या दोन रायफली आणू नयेत असा तिथला दंडक आहे. मला .३०-०६ स्प्रिंगफील्डच्या दोन रायफली न्यायच्या होत्या, एक बिघडलीच तर दुसरी असावी म्हणून. सेवेने पहिल्याच पत्रात एक वगळायला सांगितली. दोनशे काडतुसांचा आकडा मात्र कागदावरच राहतो, कारण विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम प्रवाशामागे वेष्टनासह ५ किलोच दारूगोळा नेऊ देतो आणि दोघांचा वाटा एकत्र करूनही चालत नाही. .३०-०६ चे एक काडतूस साधारण २७-२८ ग्रॅमचे धरले, तर पाच किलोत पावणेदोनशेच्या आसपासच बसतात. हा हिशेब सेवेच्या माहितीपत्रात नव्हता, तो आमचा आम्ही केला. आठ दिवसांत चार जनावरे मारणाऱ्याला साठ काडतुसे पुष्कळ होतात, हेही खरे.

आता तक्रार. माझ्या मेहुण्याने तिकीट स्वस्त पडते म्हणून ॲमस्टरडॅममार्गे काढले होते. हे तिकीट परवान्याच्या अर्जासोबत सेवेकडे गेले, त्यांनी ते पाहिले, त्यावरचा उतरण्याचा दिवस अर्जात भरला आणि फाइल पुढे सरकवली. नेदरलँड्समधून बंदूक नुसती पार जाणार असली, पेटी विमानतळाबाहेर पडणार नसली, तरीही डच कस्टम्सची पूर्वसंमती लागते. हे आम्हाला कळले ते निघण्याच्या नऊ दिवस आधी, मेहुण्याने बंदुकीची नोंद करण्यासाठी विमान कंपनीला फोन केला तेव्हा. संमतीचा अर्ज करून तेवढ्या दिवसांत उत्तर येईल याची हमी कोणी देईना. शेवटी त्याने दंड भरून तिकीट रद्द केले आणि अटलांटाहून जोहान्सबर्गला थेट जाणाऱ्या विमानाचे तिकीट दुप्पट दराने घेतले. “दाजी, त्या दीडशे डॉलरांत हे एक वाक्य बसलं नसतं का?” असे तो मला म्हणाला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

सेवेला विचारले तेव्हा उत्तर आले की प्रवासाच्या मार्गाची जबाबदारी प्रवाशाची असते आणि तसे अटींच्या सातव्या कलमात लिहिलेले आहे. कलम खरोखरच तसे आहे. पण ज्या माणसांनी माझ्या ‘जी’ आणि सहामधला फरक पकडला, त्यांच्या डोळ्यांखालून ॲमस्टरडॅम हा शब्द तिकिटावर ठळक अक्षरांत जातो आणि ते काहीच बोलत नाहीत, ही गोष्ट कलमाने झाकली जात नाही. यावर कडी म्हणजे, उतरण्याचा दिवस आणि विमान बदलल्यामुळे अर्जात दुरुस्ती करावी लागली तिचे चाळीस डॉलर त्यांनी वेगळे घेतले. एका ओळीची सूचना जिथे पुरली असती तिथे दुरुस्तीचे पैसे घेणे मला गैर वाटते आणि या अभिप्रायात मी जे गुण कापले आहेत ते मुख्यतः याच कारणासाठी.

भारतीय पासपोर्टचा प्रश्नही त्यांच्या चौकटीत नव्हता. अमेरिकन नागरिकाला दक्षिण आफ्रिकेत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. साधा भारतीय पासपोर्ट असलेल्याला तो लागतो, मग ग्रीन कार्ड असो वा नसो. सेवेच्या यादीत ‘पासपोर्टमध्ये कोरे पान हवे’ एवढेच होते, व्हिसाचा उल्लेख नव्हता. त्यांचे बहुतेक ग्राहक अमेरिकन पासपोर्टचे असतात, म्हणून हा विषय त्यांच्या मनात येत नसावा असे मी समजतो. मेहुण्याला हे आधीच माहीत होते म्हणून निभावले.

आमच्या मित्राची गोष्ट निराळीच. एच-१बीवर असलेला माणूस अमेरिकन कायद्याच्या भाषेत बिगर-स्थलांतरित परकीय असतो. अशा माणसाने बंदूक बाळगणे सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे आणि ज्या अपवादांमुळे ते शक्य होते, त्यांतला नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राकडे तो होता आणि त्याची रायफलही रीतसर घेतलेली होती. पण ती रायफल देशाबाहेर नेऊन परत आणायची म्हटले की प्रश्न वाढतात. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक तीनपर्यंत बंदुका आणि हजारपर्यंत काडतुसे वैयक्तिक वापरासाठी, वेगळा निर्यात परवाना न काढता, सोबत नेऊ शकतात. ही सवलत एच-१बीवाल्याला तशीच लागू होत नाही, आणि बंदुकीसह परत शिरताना त्याला एटीएफ या केंद्रीय खात्याचा ‘फॉर्म ६ एनआयए’ आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सेवेला आम्ही मित्राची स्थिती स्पष्ट लिहून कळवली होती. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत आणि ‘आमचे काम दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचे आहे, अमेरिकेत परत येण्याच्या कागदांची खात्री वकिलाकडून करून घ्या, नाही तर तिथे रायफल भाड्याने घ्या’ असे उत्तर दिले. हे उत्तर प्रामाणिक होते. मित्राने भाड्याचाच मार्ग पत्करला. आउटफिटरने त्याला दुर्बीण बसवलेली, सायलेन्सर लावलेली .३०८ कॅलिबरची रायफल दिली. त्याच्या वाट्याला एकही अर्ज आला नाही आणि त्याने मारलेला कुडूही (पिळदार शिंगांचे हरणासारखे जनावर) आमच्यापेक्षा मोठा निघाला. एकदाच जायचे असेल, थोडेच दिवस असतील आणि हातातल्या बंदुकीवर जीव जडलेला नसेल, तर मी भाड्याची रायफल हाच सल्ला देईन, आणि मग या सेवेची गरजच उरत नाही.

जोहान्सबर्गला उतरल्यावरचा अनुभव चांगला होता. रायफलीच्या पेट्या सामानाच्या पट्ट्यावर येत नाहीत, त्या पोलीस कक्षाकडे नेल्या जातात. हे ठाऊक नसलेला माणूस पट्ट्यापाशी अर्धा तास काळजी करत उभा राहतो. सेवेचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा होता, त्याच्या हातात आमच्या मंजूर परवान्यांचे लिफाफे होते. कक्षातल्या महिला अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली, बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा खटका) काढून ठेवायला सांगितला, छोट्या टॉर्चच्या उजेडात रिसीव्हरवरचा क्रमांक एकेका अक्षरावर बोट ठेवून परवान्याशी ताडून पाहिला. ‘जी’वर तिचे बोट क्षणभर थांबले तेव्हा मला त्या ईमेलवाल्या बाईंची आठवण झाली. मग काडतुसांची खोकी मोजली, माझी सही तिच्यासमोर घेतली आणि परवाना हातात दिला. आम्हा दोघांचे मिळून पस्तीस मिनिटांत झाले. शेजारच्या टेबलावर आगाऊ परवाना न काढलेले एक गृहस्थ होते. त्यांनी एसएपीएस ५२० ची सगळी पाने घरून सुबकपणे भरून आणली होती, पण निळ्या शाईने. हा अर्ज काळ्या शाईनेच भरावा लागतो. आम्ही निघालो तेव्हा ते काळे पेन मागून घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले होते.

सोबत आलेल्या माणसाने आणखी एक गोष्ट केली जी करारात नव्हती. परवान्याच्या दोन प्रती काढून त्यांतली एक गाडीत वेगळी ठेवा असे त्याने सांगितले, कारण मूळ परवाना परतताना पुन्हा दाखवावा लागतो आणि आठ दिवस रानात फिरणाऱ्या माणसाच्या खिशातला कागद काय अवस्थेला पोहोचतो हे त्याने पाहिलेले होते. पुढे पोलोक्वानेपर्यंतचा प्रवास आम्ही आउटफिटरच्या गाडीने केला, त्यामुळे देशांतर्गत विमानात बंदूक पुन्हा चढवण्याची कटकट नव्हती. ज्यांना जोहान्सबर्गहून पुढचे विमान पकडायचे असते त्यांना या पस्तीस मिनिटांचे मोल आमच्यापेक्षा नक्कीच जास्त वाटेल.

तुलनेसाठी कॅनडा. तिथे मी तीन वर्षांपूर्वी मोटारीने गेलो होतो, कोणतीही सेवा न घेता. अनिवासी व्यक्तीच्या शस्त्र घोषणापत्राचा एकच अर्ज, ‘आरसीएमपी ५५८९’, भरून न्यायचा, सही मात्र सीमेवरच्या अधिकाऱ्यासमोरच करायची, २५ कॅनेडियन डॉलर भरायचे, आणि तोच कागद ६० दिवस तात्पुरता परवाना म्हणून चालतो. अधिकाऱ्याने डिकी उघडायला लावली, रायफल पाहिली, पिस्तूल आहे का आणि माणसांवर मारायचा फवारा आहे का असे दोन प्रश्न विचारले, कारण अस्वलांसाठीचा फवारा तिथे चालतो, माणसांसाठीचा निषिद्ध आहे. वीस मिनिटांत मी पलीकडे होतो. अर्ध-स्वयंचलित रायफल नेणाऱ्याने मात्र जाण्यापूर्वी तिची तिथली वर्गवारी तपासावी, कारण मे २०२० पासून कॅनडाने एआर-१५ सह सुमारे पंधराशे प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली आणि पुढे त्या यादीत भर पडत गेली. साधी बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊन कॅनडाला जाणाऱ्याने मध्यस्थाला पैसे देण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

ट्रॉफीचे, म्हणजे शिंगे-कातडी घरी आणण्याचे, काम ही सेवा करत नाही आणि तसे ती स्पष्ट सांगते. तरीही त्यांच्या माहितीपत्रात या विषयावर एक परिच्छेद असता तर बरे झाले असते, कारण त्याचा निर्णय बंदूक रोखण्यापूर्वीच घ्यावा लागतो. कुडू आणि इम्पाला या हरणासारख्या जनावरांचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत नाही, त्यामुळे आमचे काम सोपे होते. पण शेतावर तिसऱ्या दिवशी व्यावसायिक शिकाऱ्याने सहज म्हणून बबूनचा विषय काढला. माकडवर्गातले सगळेच प्राणी या कराराच्या कक्षेत येतात, म्हणजे आणखी कागदांची भर पडते. ब्लेसबॉक आणि बाँटेबॉक हे तर हरणासारख्या एकाच जातीचे दोन उपप्रकार. पहिल्याला अमेरिकेत आणताना अडचण नाही, दुसऱ्याला अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली वेगळा आयात परवाना लागतो. संध्याकाळच्या उजेडात दुर्बिणीतून या दोघांतला फरक चेहऱ्यावरच्या पट्ट्यावरून ओळखायचा असतो. शिवाय ट्रॉफीवर जंतुनाशक प्रक्रिया करून, पशुवैद्यकीय दाखल्यासह ती कित्येक महिन्यांनी पोहोचते, वन्यजीव खात्याचा ‘फॉर्म ३-१७७’ भरावा लागतो, आणि रानडुकराच्या जातीचे किंवा खुरांचे जनावर असेल तर शेती खात्याचे नियम वेगळे. बिल्टाँगचा, म्हणजे तिथल्या मसाला लावून वाळवलेल्या मांसाचा, एक तुकडाही अमेरिकेत आणता येत नाही, हे मात्र सोबतच्या माणसाने निरोप देताना हसत हसत बजावले.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी भारतात शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी जे परदेशात जाऊन या छंदाला लागतात त्यांच्यामागे घरातल्या कोणाचा अनुभव नसतो. आजोबांच्या गोष्टींत बार, छर्रा आणि मचाण असते, अनुक्रमांक आणि आयात परवाना नसतो. कदाचित म्हणूनच मला कागद वाचून खरोखर प्रश्न विचारणारी ती बाई, पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसापेक्षा जास्त मोलाची वाटली.

माझे मत असे : नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, स्वतःची रायफल दक्षिण आफ्रिकेत न्यायची असेल आणि उतरल्यावर पुढे जोडविमान असेल, तर ही सेवा घ्या आणि कागद निघण्याच्या दोन महिने आधी त्यांच्या हातात द्या, कारण माझ्यासारखी चूक निघाली तर कस्टम्सच्या खेपेला वेळ हवा. तिकीट काढण्यापूर्वी मात्र मार्गातल्या प्रत्येक विमानतळाबद्दल त्या देशाच्या कस्टम्सला स्वतः विचारा, सेवेवर विसंबू नका. कागद तपासण्याला मी पाचपैकी पाच गुण देतो, विमानतळावरच्या मदतीला चार, आणि ग्राहकाला वेळीच सावध करण्याला दोन. सगळे मिळून साडेतीन.

परत आल्यावर मी दुरुस्तीचे चाळीस डॉलर परत मागणारे पत्र त्यांना लिहिले. पैसे परत आले नाहीत, पण पुढच्या मोसमासाठी त्यांनी पाठवलेला अर्जाचा नवा नमुना गेल्या महिन्यात मेहुण्याला आला, आणि त्यात पासपोर्ट क्रमांकाच्या खाली ‘मार्गातील थांब्यांची विमानतळे’ असा एक नवा रकाना आहे.